दोन हातांचा गालिचा

“उलटा कर ना लवकर,” गार्गी म्हणाली. “कुणी आलं तर वाट लागेल.”

प्रबुद्धने बुद्धमूर्तीसमोरच्या गालिच्याचा कोपरा उलटून पाठीवरून तळवा फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला.

“हा आपला नाही.”

“यार, तेच कमळ, तीच निळी किनार,” लॉईड म्हणाला. “धुतल्यावर नवा वाटतोय, एवढंच. माझा युनिफॉर्मही वाटतो.”

“तुझा? तो धुतात कधी?” गार्गी म्हणाली.

प्रबुद्ध हसला नाही. घाटकोपरच्या टेकडीवरच्या या विहाराला तो गालिचा पेमामावशींनी दिला होता. तिबेटी पद्धतीने, लोकरीची एकेक गाठ हाताने मारून, त्यांनी आणि धाकट्या बहिणीने तो एकाच मागावर शेजारी बसून विणला होता. अर्धा हिचा, अर्धा तिचा. मावशींची गाठ घट्ट, बहिणीची सैल. त्यामुळे पाठीवर मधोमध एक सीमा होती. डोळे मिटूनही ती बोटांना सापडे. बहीण आता नव्हती. दर बुद्धपौर्णिमेला मावशी येत, गालिचा उलटत आणि सैल गाठींवर हात ठेवून बसून राहत. या गालिच्याला मात्र पाठभर एकच हात होता, बहुधा यंत्राचा. पौर्णिमा उद्यावर आली होती.

विहार सांभाळणारे अंबादासआजोबा माळा बांधत होते; त्यांना त्याने हे सांगितले. धुलाईला गालिचा त्यांनीच पाठवला होता.

“अरे, पावतीचा नंबर जुळतो,” ते वर न पाहता म्हणाले. “सुट्टीत तुम्हाला उद्योग नाही दुसरा.”

पावतीवरचा पत्ता वाचून तासाभरात तिघे साकीनाक्याच्या गल्लीत, गालिचे धुण्याच्या कारखान्यापाशी उभे होते. फाटकात मधुकर नावाचे व्यवस्थापक खुर्ची टाकून बसले होते.

“काका,” लॉईडने सुरुवात केली, “आमच्या नानाच्या गालिच्यावर सोरपोतेल सांडलंय. लाल रस्सा. निघेल?”

“मटणाचा की चिकनचा?”

“त्याने फरक पडतो?”

“तेलाने पडतो, बाळा. बस, सांगतो.”

तेवढ्यात प्रबुद्ध आणि गार्गी आत सरकले. वाळवणीच्या खोलीबाहेर, भिंतीतल्या भोकांतून आलेल्या साखळ्या आकड्यांना अडकवल्या होत्या; आतले बांबू त्यांवरच टांगलेले. दोघे खोलीत शिरले. अंधुक उजेड आणि ओल्या लोकरीचा जड वास. गालिचे छतापासून लोंबत होते, जणू कुणाची तरी वाट पाहत उभी असलेली मुकी माणसे.

प्रबुद्धला परत फिरावेसे वाटले. पण मग मावशींना उद्या हात ठेवायला बहिणीचा अर्धा भागच उरणार नव्हता. तो एकेका पाठीवर हात फिरवत पुढे गेला. सहावा गालिचा. घट्ट, घट्ट, घट्ट, आणि मग एकाएकी सैल.

“गार्गी, हाच.”

मागे दार आपटले. कानांत गाणी लावलेला एक कामगार बाहेरून कडी घालून निघून गेला होता. मग भिंतीतून वाळवणीच्या यंत्राची घरघर सुरू झाली आणि तोंडावर गरम वाफारा आला.

दोघांनी दार बडवले, हाका मारल्या. घरघरीने साऱ्या हाका गिळल्या. गार्गीचे ओठ कोरडे पडले. “प्रबुद्ध, मला श्वास घेता येत नाहीये रे.”

प्रबुद्धने चारी बाजूंना पाहिले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि त्यातच त्याला बाहेरच्या साखळ्या आठवल्या.

“तो रिकामा बांबू धर. खाली ओढ, मग सोड.”

दोघे बांबूला लोंबकळले. भिंतीपलीकडे साखळी खळखळली. पुन्हा ओढ, पुन्हा सोड. त्याचे हात सोलवटले. दहाव्यांदा की विसाव्यांदा, कोण जाणे, कडी सरकली आणि दारात लॉईड दिसला. त्याच्यामागे पांढरेफटक पडलेले मधुकर.

“मी म्हटलं काकांना,” लॉईड धापा टाकत म्हणाला, “भिंतीला तरी भूत लागलंय, नाहीतर आमची माणसं आत आहेत.”

पाणी पिऊन झाल्यावर गार्गीने विचारले, “नंबराच्या चिठ्ठ्या बदलल्या कशा?”

“ओल्या गालिच्यावर चिठ्ठी टिकत नाही, पोरी,” मधुकर पुटपुटले. “म्हणून धुताना काढतो. मग आठवणीने लावतो.”

“आठवणीने?”

मधुकरांनी मान खाली घातली. तुमचा गालिचा आज संध्याकाळी दिंडोशीच्या गिऱ्हाइकाकडे जाणार होता, हे त्यांनीच कबूल केले.

मधुकरांचा फोन जाताच अंबादासआजोबा टेम्पो घेऊन धावत आले. आधी त्यांनी तिघांना खडसावले, मग मधुकरांना, आणि मग स्वतःच पायरीवर बसले. “माझ्याजवळ पावती होती, म्हणून मी पाहिलंच नाही. तुम्ही पाहिलंत. शाब्बास, पोरांनो.”

दुसऱ्या दिवशी पेमामावशी आल्या तेव्हा आजोबांनी त्यांना सारे सांगितले. गालिचा उलटून त्यांनी सैल गाठींवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ तो उचलला नाही. मग त्यांचे लक्ष प्रबुद्धच्या सोललेल्या तळव्यांकडे गेले.

“भीती वाटली?”

“खूप.”

“अजून वाटते?”

त्याने मान हलवली. हो.

मावशी थोड्या बाजूला सरकल्या. “मग बस इथे,” त्या म्हणाल्या. “मला पण वाटते, या गाठी एक दिवस सापडणार नाहीत म्हणून. दोघं बसू.”