नऊ नंबरचा तुकडा

सिंधूताईंनी कापडाचा तागा टेबलावर आपटला. धरमपेठेत खाजगी चौकश्या करणाऱ्या यमुताईंनी नुसत्या भुवया उचलल्या. त्यांचे मदतनीस मारोतराव मात्र दचकले.

"माझं कापड धुतल्यावर आटते म्हणे! वाडीच्या गणवेश कारखान्यात पुरवठादारांचे तीन वर्ग. 'अ'ले वर्षभर काम, 'ब'ले उरलंसुरलं, 'क'ले भोपळा. मले 'अ'तून थेट 'क'त फेकलं! सहा हातमागांतले दोन बंद पडले. ते विणकर कोराडीच्या वीज केंद्रात राख उचलून राहिले. शनिवारी सूत संपलं की उरलेले चारही बंद होतील."

"आपलं कापड ओळखता कसं, बाई?" यमुताईंनी विचारलं.

"काठाचा तिसरा धागा तिहेरी. सासूबाईंपासूनची घरची रीत. बाहेर कोणाले ठाऊक नाही."

दोघं कारखान्यात गेले. तिथली कापड तपासण्याची रीत ऐकून मारोतराव खूश झाले. काय चोख काम!

स्टोअर सांभाळणारा कवडू म्हणाला, "मी पुरवठादाराच्या डोळ्यांपुढं काठासकट तुकडा कापतो, भैयाजीले देतो."

खरेदी पाहणारे भैयाजी हसले. "तुकड्यावर नंबर मी एकटाच शिवतो. कोणता कोणाचा, ते माझ्या वहीत. पक्षपात नको ना!"

धुणारी मनकर्णा म्हणाली, "मी धुते, मापते. मले नंबर दिसते, नाव नाही."

वहीप्रमाणे नऊ नंबर सिंधूताईंचा. तीन बोटं आटलेला, नुसता बोळा. यमुताईंनी भिंगातून सगळे काठ पाहिले आणि चार नंबरपाशी थांबल्या.

"मनकर्णाचीच गडबड," मारोतराव कुजबुजले.

"कोणासाठी गा? तिले नावंच माहीत नाहीत."

सिंधूताईंना बोलावून यमुताईंनी मालक मधुकररावांपुढे दोन तुकडे ठेवले. "नऊचा तिसरा धागा साधा आहे. तपासणीत पहिल्या आलेल्या चारचा तिहेरी. म्हणजे चार नंबर सिंधूताईंचा. कवडूनं तो त्यांच्यासमोर कापला. मनकर्णाले नावं ठाऊक नाहीत. नाव अन् नंबर जोडणारा माणूस एकच. वहीत चारपुढं कोणाचं नाव आहे, भैयाजी?"

भैयाजींनी वही पाठीमागं सारली.

"त्याच्या साळ्याचं," मधुकररावच म्हणाले. "जाऊ द्या, यमुताई. घरातली गोष्ट आहे. बाईंना परत 'अ' देतो. बाहेर बोलू नका. चहा घ्या."

मारोतरावांना शिसारी आली. थू! ह्याच कामाचं आपण मघाशी कौतुक केलं होतं. भैयाजी तर सगळ्यात आधी चहा प्यायला बसला!

सिंधूताईंनी कप दूर सारला. "आधी गाडी काढा, मधुकरराव. ह्यालेही घ्या. कोराडीत माझ्या माणसांपुढं उभं राहून सांगा, कापड कोणाचं आटलं. मग मी ठरवते, तुमचा कारखाना माझ्या कोणत्या वर्गात बसते ते."