कार्यभार कोणाकडे

मला गोष्ट रंगवता येत नाही, म्हणून घडलं तेवढंच सांगतो. माझे मेहुणे थापा मारणाऱ्यातले नाहीत. विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात ते हेडक्लार्क आहेत. भरतीच्या जाहिराती, हजेरीपट, सगळं त्यांच्या हातून जातं.

तो मंगळवार होता. सकाळचे अकरा. दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह.

तपासणी पथक आलं होतं. एक जरी शिक्षक कमी भरला, तर पुढच्या वर्षीचे प्रवेश बंद.

आणि एक कमी होता.

शरीररचनाशास्त्राचे सर दोन महिन्यांपूर्वी वारले होते. त्याआधी वर्षभर ते मेहुण्यांच्या टेबलापाशी येत. छातीत दुखतं, मला मोकळं करा, म्हणत. मेहुणे नियम सांगत. "सर, तुमच्या जागी माणूस येऊ दे, कार्यमुक्तीचा आदेश मीच टाइप करतो."

"मग तुमच्या मुलीलाच आणा की. माझीच विद्यार्थिनी, हाच विषय शिकवते."

"नको सर. तुमच्यासारखी तीही अडकायची."

सर कसंनुसं हसले होते.

जाहिरात दोनदा निघाली. एकही अर्ज नाही. सर फळ्यापाशीच कोसळले.

तपासणी होईपर्यंत नाव कापू नका, रजेवर दाखवा, असं अधिष्ठात्यांनी बजावलं होतं. मेहुण्यांनी खोटा रजेचा अर्ज तयार ठेवला.

नावं पुकारली जात होती. एकेक जण उठून सही करत होता.

सरांचं नाव आलं.

मेहुणे अर्ज घेऊन उठले, तोच...

मागे खुर्ची सरकली.

"हजर."

थकलेला, ओळखीचा आवाज.

मागची रांग रिकामी होती. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पथकप्रमुखांनी वर न बघताच पुढचं नाव घेतलं.

कागद परत आला तेव्हा सरांच्या नावापुढे सही होती. शाई ओली होती.

मान्यता मिळाली. त्या आवाजाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

पण दुसऱ्या दिवसापासून मेहुणे कपाट उघडत, तेव्हा हजेरीपटावर सरांची सही आधीच झालेली असे. किल्ली फक्त मेहुण्यांकडे.

नवव्या दिवशी त्यांनी कार्यमुक्तीचा आदेश टाइप केला. 'कार्यभार कोणाकडे सोपवला' ही जागा कोरी ठेवली. कोणी नव्हतंच. आदेश कपाटात ठेवून कुलूप लावलं.

सकाळी हजेरीपटावर सही नव्हती. मेहुण्यांना हायसं वाटलं.

मग त्यांनी आदेश पाहिला...

कोरी जागा भरलेली होती. सरांच्या अक्षरात.

मेहुण्यांच्या मुलीचं नाव.

त्यांनी कागद फाडून टाकला. तिसरी जाहिरात निघाली, तरी घरी अवाक्षर काढलं नाही.

काल मुलीचा फोन आला. "बाबा, माझा अर्ज कधी भरलात? मुलाखतीचं पत्र आलंय."

येऊ नकोस, असं मेहुण्यांनी परोपरीने सांगितलं. ती हसली.

"अहो, तुमच्याच ऑफिसातून सकाळी फोन होता. कोण होते कोण जाणे. फार थकल्यासारखे बोलत होते. लवकर ये म्हणाले."

मुलाखत परवा आहे. मंगळवारी, अकरा वाजता.

माझी भाची आजच निघाली. काय करू, असं मेहुणे सारखं विचारताहेत.