कोपराचं वजन

ताई रागावून गेली का? अंकुरनं हे आईला विचारलं, बाबांना विचारलं, हॉस्पिटलातल्या नर्सलाही विचारलं.

अश्लेषाताई, त्याची मोठी बहीण, सतार शिकवायची. आजारानं तिच्या उजव्या हातातली ताकद गेली, तेव्हापासून अंकुर समोर बसून सतारीच्या भोपळ्याला तळहात लावायचा. "नखी नुसती तार छेडते. सतार धरतं ते कोपर," ती सांगायची. "ते सुटलं की सगळं घसरलं. तू माझं कोपर हो, यार." आठवीत शाळा सोडलेल्या अंकुरला एवढंच शास्त्र येत होतं. आणि एका दुपारी मोबाइल वाजला म्हणून त्यानं पटकन हात काढला. सतार फरशीवर आपटली, भोपळा तडकला. ताई उठून आत गेली. त्याच संध्याकाळी तिला ताप चढला. हॉस्पिटलातून ती घरी आली नाही.

महिन्यानं तो दुरुस्त केलेली सतार आणायला दिल्लीत पहाडगंजला गेला. म्हाताऱ्या मिस्त्रीनं भोपळ्यावर, हात टेकतो तिथं, बोट ठेवलं.

"तीन बार पॉलिश मारी, बेटा. यहाँ सूखती ही नहीं. रोज सुबह गीली... घर में कौन बजाता है?"

"कोई नहीं."

गाझियाबादच्या फ्लॅटमध्ये वीज नव्हती. चारच वाजले होते, पण धुक्यानं खिडक्या करड्या पडल्या होत्या. त्यानं सतार ताईच्या सतरंजीवर आडवी ठेवली आणि पाणी प्यायला गेला.

परतला तर खोलीत खोबरेल तेलाचा वास होता. ताई बसण्याआधी बोटांना लावायची, तोच. सतार तिरकी उभी होती, ती धरायची तशी. भिंतीला नाही, कशालाच टेकलेली नाही. भोपळा मात्र थरथरत होता, भार पेलवत नसल्यासारखा.

दा... दा... रा...

अंकुर पळाला नाही. समोर मांडी घालून बसला आणि दोन्ही तळवे भोपळ्याला लावले.

"ताई... रागावलीस?"

फक्त वजन हळूहळू त्याच्या हातांत उतरत गेलं.

"अंकुर," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "कोण वाजवतंय रे?"

"हळू बोल, आई... हात दमलाय तिचा."

खिशातला मोबाइल वाजू लागला. वाजतच राहिला. तळव्यांखाली भोपळा ओला होत होता, कोमट होत होता.

त्यानं हात काढला नाही.