तिसऱ्या नंबरची कॉइल

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाडी वळणावर असतानाच तो नुसत्या आवाजावरून सांगायचा, "हिचा बेल्ट गेलाय," नाहीतर, "तेल बदला, नाहीतर रडत याल." असा हा मेकॅनिक, आणि त्याची स्वतःची गाडी मात्र सकाळपासून दारात थरथरत उभी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

स्टार्ट व्हायची एका झटक्यात. मग हुडहुडी भरल्यासारखी हलायला लागायची. ठक् ठक् ठक्, एक ठोका गाळून पुन्हा ठक्. एरवी त्याने ढुंकूनही पाहिलं नसतं. गिऱ्हाइकांच्या गाड्या आधी, आपली नंतर. पण आज पोरीकडे जायचं होतं. ती परगावी नोकरीला होती आणि तिकडची बस निघून गेली होती.

सकाळी त्याने गाडी चालू केली, तेव्हा पोरगी आईशी फोनवर बोलत होती. "आई, मी आत्ता—" म्हणाली आणि थांबली. फोन कटला नव्हता. पलीकडे पंखा घरघरताना ऐकू येत होता, बोलत मात्र कोणी नव्हतं. मग तोही आवाज गेला. त्यानंतर रिंग जायची, उचलत कोणी नव्हतं.

"फोन घरी विसरून कामावर गेली असेल," तो बायकोला म्हणाला. त्याचं त्यालाच पटलं नाही.

त्याने बॉनेट उघडलं. चार सिलिंडर, प्रत्येकावर एक कॉइल. तिनेच आत ठिणगी पडते. स्कॅनरवर त्याचा विश्वास नव्हता. त्याची रीत जुनी, इंजिन चालू ठेवून एकेका कॉइलची पिन काढायची. चांगल्या सिलिंडरची काढली की इंजिन आणखी खंगतं. ज्याची काढून काही फरक पडत नाही, तो चोर.

पहिली पिन काढली. इंजिन खाली बसलं.

स्वयंपाकघरातून बायको विचारत होती, "अहो, पाण्याची बाट—"

त्याने पिन लावली.

"—ली भरून घेऊ का?"

"घे," तो म्हणाला. मग हात पुसत जरा वेळ दाराकडे बघत राहिला.

दुसरी पिन. दारातल्या खुर्चीवर त्याची म्हातारी आई मटार सोलत होती आणि नेहमीप्रमाणे पुटपुटत होती, "माझं मेलीचं ऐकतंय कोण!" भांड्यात दाणे पडायचे थांबले. तिचा अंगठा शेंगेत तसाच राहिला. त्याने घाईने पिन लावली. टप, टप, दाणे पुन्हा पडू लागले.

"आई, बरं वाटतंय ना?"

"मला काय धाड भरलीय?" म्हातारी म्हणाली.

उपाशीपोटी उन्हात उभं राहिलं की असंच होतं, असं त्याने स्वतःला बजावलं आणि तिसरी पिन काढली. इंजिनला काही फरक पडला नाही. घरातही नाही. चोर सापडला होता. चौथी काढायची गरजच नव्हती.

आता दोष कॉइलचा की खालच्या प्लगचा, एवढंच बघायचं होतं. त्याला मेकॅनिक लोकांची साधी युक्ती असते. संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर टाकायची. ठोका तिकडे गळायला लागला, तर कॉइलच खराब. त्याने गाडी बंद करून दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल केली आणि किल्ली फिरवली. इंजिन तसंच हललं. ठोका आता दुसऱ्यात गळत होता.

घरात फोन वाजला.

"अहो! तिचाच आहे!" बायको धावत बाहेर आली. फोनमधून पोरीचा हसरा आवाज आला, "फोन कटला वाटतं. मी आत्ता आंघोळीला चाललेय, नंतर बोलते. अय्या, एवढं ऊन कधी झालं?"

बायको रडायलाच लागली. कानसेनला हसू फुटलं, आणि मग त्याच्या लक्षात आलं की भांड्यात दाणे पडत नाहीयेत.

"आई?"

शेंग अर्धी उघडलेली. डोळे उघडे. हात गरम होता, श्वास नव्हता. त्याने गाडी बंद केली. काही बदललं नाही.

त्याने सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. "उद्या देतो, अगदी नक्की," दुकानदार म्हणाला. दुसऱ्या गाडीची कॉइल त्याच्या गाडीला बसत नसे.

म्हणजे आजच्यापुरती ही खराब कॉइल कोणावर तरी टाकायची होती. तिसऱ्यावर पोरगी. दुसऱ्यावर आई. पहिल्यावर बायको. चौथा कोण, हे विचारायला ज्योतिषी नको होता.

त्याने पोरीला फोन लावला. "उद्या घरी ये. दुकानातून नवी कॉइल घे आणि चौथ्या नंबरवर बसव. तुला शिकवलंय मी."

"तुम्हीच बसवा की, बाबा!"

"तूच बसव. विसरू नकोस."

बायकोने त्याचा शर्ट धरला. "काय बोलताय तुम्ही? मला भीती वाटतेय."

"मलाही. अगं, एका दिवसाचा तर प्रश्न आहे."

त्याने खराब कॉइल चौथ्यावर बसवली. तो गाडीत बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

इंजिन हललं. ठक्, ठक्. बाकी काहीच झालं नाही.

"बघितलंस?" तो हसला. "उगाच घाबरलो—"

खिडकीशी एक बाई उभी होती. चष्मा, कानशिलावर पिकलेले केस, हात ग्रीसने काळे.

"बाबा," ती म्हणाली.

दारातली खुर्ची नव्हती.

"आजी?"

"आजीला जाऊन खूप वर्षं झाली. दुसऱ्या नंबरवर आता माझा मुलगा आहे."

"आणि कॉइल? आणलीस?"

"दुकानदार उद्या-उद्या करत राहिला, बाबा. मग ती बनायचीच बंद झाली."

इंजिन अजून ठोका गाळत होतं.

त्याने हळूच मान वळवली. शेजारच्या सीटवर बायको बसली होती. केस पांढरे, चेहरा त्याच्याकडे, ओठ बोलायच्या बेतात उघडलेले.

"आई हट्टालाच पेटली, ती कॉइल माझ्या पहिल्या नंबरवर टाक म्हणून," पोरगी म्हणाली. "तेवढ्यात तुमच्याशी एक शब्द तरी बोलता येईल, असं वाटलं तिला. सकाळपासून केस विंचरून बसली होती."