अर्धा सूर खाली

हुणसूरहून म्हैसूरला निघालेल्या बसमध्ये ईश्वरीला खिडकी मिळाली आणि शेजारी एक तरुण मिळाला. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या लग्नाहून परतत होती बिचारी. साडी चुरगळलेली, केसातला मोगरा निम्मा गळलेला, पोट बिसिबेळे भातानं तुडुंब. शेजाऱ्याकडे बघायची तिची अजिबात इच्छा नव्हती. पण त्याचा डावा हात काही स्वस्थ बसेना! समोरच्या सीटच्या लोखंडी दांड्यावर त्याची बोटं पळत होती... थांबत होती, सरकत होती, मध्येच करंगळी लांब जाऊन थरथरत होती.

ईश्वरी बघत राहिली, आणि एकदम तिच्या अंगावर काटा आला. हा सोलो तिला पाठ होता. ना गिटार, ना आवाज, नुसता बसचा दांडा, तरीही!

“ ‘ब्रास वेदर’?” ती इंग्रजीत म्हणाली. “शेवटचा सोलो?”

चटका बसावा तसा त्यानं हात मागे घेतला. “तुम्हाला कसं कळलं?”

“बोटांवरून. पण तिथे टेलफर करंगळी लावत नाही. तिसरं बोट लावतो.”

“करंगळीच,” तो ठामपणे म्हणाला.

“तिसरं.”

“करंगळी. पैज?”

आता तुम्हाला सांगायला हवं, की डग टेलफर म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा एक इंग्लिश गिटारवाला. ‘ब्रास वेदर’ आणि ‘नॉर्थ पियर’ असे दोन अल्बम काढले, आणि मग गडी जो गप्प झाला तो झालाच. त्याला मानणारी माणसं जगात थोडी, पण जी आहेत ती महाहट्टी. आणि अशी दोन हट्टी माणसं एका बसमध्ये, एका सीटवर... योगायोगानं तरी किती लाड करावेत!

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. “हां आई, बसमध्येच आहे की. इलवाल आलं बघ. अय्यो, जेवण बेडा, पोट भरलंय. सुम्ने, नुसती कॉफी कर.”

ईश्वरीनं कान टवकारले. “तुम्ही मराठी?”

“तुम्ही पण?” तो केवढ्यानं तरी हसला. “आमचे लोक कधी आले म्हैसूरला, आजोबांनाही गोत्तिल्ला... माहीत नाही. मी जयतीर्थ. हुणसूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवतो.”

“मी ईश्वरी. नाशिकची. सॉफ्टवेअरमध्ये आहे, कुवेंपुनगरला राहते.”

“आणि करंगळी मान्य करत नाही.”

“मुळीच नाही!”

बस स्टँडवर उतरताना दोघांनी फोन नंबर घेतले. पैजेसाठी हो, दुसरं काय असणार!

* * *

पैजेचा निकाल कुक्करहळ्ळी तलावाच्या काठी लागायचा होता. रविवारी सकाळी तो गिटार घेऊन आला. पाण्यावर धुकं, बाकावर ओल, वर झाडात पाणकावळ्यांची भांडणं. जयतीर्थनं रुमालानं बाक पुसला, आधी तिची बाजू, मग आपली, आणि वाजवायला लागला.

ईश्वरी बोटं बघायची विसरली. तिनं इंटरनेटवर टेलफरच्या मैफिलींचे सगळे तुकडे पाहिले होते. तिथे हा सोलो कसा उसळत येतो, अंगावर धावून येतो. हा मात्र तो सावकाश वाजवत होता. जरा खालच्या, भरलेल्या आवाजात, प्रत्येक सुरापाशी क्षणभर टेकत, जणू घाई करायचं कारणच नाही. तिच्या घशात काहीतरी दाटून आलं.

“करंगळी होती ना?” त्यानं विचारलं.

“अं? हो... नाही... मी बघितलंच नाही.”

“मग पुढच्या रविवारी परत?”

“परत,” ती म्हणाली, आणि उगाचच ओढणी सारखी करत बसली.

पुढचा रविवार झाला, त्याच्या पुढचाही झाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही. ही टेलफरची गोष्ट त्याच्या घरात कुठून आली, असं तिनं एकदा विचारलं.

“मुंजीत लोक पळी-पंचपात्र देतात, अल्वा... नाही का? माझ्या बाबांनी मला टेलफर दिला. ‘ब्रास वेदर’ची कॅसेट. त्यांच्या बँकेतल्या एका मित्राकडे रेकॉर्ड होती, त्याच्याच टेपरेकॉर्डरवर भरून घेतलेली. गिटार मी त्या कॅसेटलाच जुळवली. सगळं तिच्यावरूनच शिकलो.”

“आणि नेटवरचे व्हिडिओ?”

“ते स्टेजवरचे. स्टेजवर सगळेच जरा पळतात. अल्बममध्ये तो असाच वाजवतो, निवांत.”

‘ब्रास वेदर’ खरोखरच नेटवर कुठे नव्हता. दोन कंपन्यांच्या भांडणात अडकलेला. पण ईश्वरी जिथे राहत होती, त्या घराचे मालक तिरुमलराव यांच्याकडे त्याची मूळ रेकॉर्ड होती. ती त्यांच्या बैठकीत तिनं एकदाच ऐकलेली. त्याला आता वर्ष झालं होतं.

तिरुमलराव म्हणजे निवृत्त इंजिनिअर, माणूस लोण्यासारखा, पण टेलफरच्या बाबतीत सोवळ्यातला. दर वर्षी टेलफरच्या वाढदिवसाला त्यांच्या माडीवर गावातले चाहते जमायचे. रेकॉर्ड लावायची, आणि कुणीतरी एकानं गिटार घेऊन तिच्या जोडीनं वाजवायचं, असा त्यांचा रिवाज. त्या वर्षी वाजवणाराच मिळेना.

“काका, माझ्याकडे आहे एक जण!” ईश्वरी म्हणाली. “सूर न् सूर पाठ आहे त्याला. तुम्ही ऐकाच!”

किती उत्साह तो! आपण काय करून ठेवतोय, हे त्या वेळी तिच्या गावीही नव्हतं.

* * *

माडीवर दहाबारा मंडळी सतरंजीवर बसली होती. जयतीर्थ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. बसताना त्यानं ईश्वरीकडे पाहिलं आणि डावी करंगळी वर करून दाखवली. ती हसू दाबत भिंतीला टेकली. तिरुमलरावांनी सुई टेकवली.

रेकॉर्ड सुरू झाली, गिटार सुरू झाली, आणि लोकांनी चक्क कानांवर हात नेले.

दोन्ही गाणी एकच होती, पण एकमेकांना ओळखतच नव्हती. रेकॉर्ड वरच्या सुरात पुढे पळत होती, जयतीर्थ खाली, मागे रेंगाळत होता. त्यानं थांबून तारा चाचपल्या, परत सुरू केलं. तेच! कुणीतरी खुदकन हसलं.

“अहो, तुम्ही अर्धा सूर खाली आहात,” तिरुमलराव म्हणाले. “आणि लयीतही कमी. हे शिकलात कुठून?”

रेकॉर्ड तशीच वाजत होती आणि जयतीर्थ मान वाकडी करून ती ऐकत होता. मग हळूच म्हणाला, “त्या मित्राच्या टेपरेकॉर्डरची मोटर जोरात फिरत असणार. भरताना टेप वेगात धावली, आमच्या घरच्या मशीनवर ती नीट वेगात धावली. म्हणजे गाणं सावकाश, आणि सूर खाली.” तो हसला, पण ते हसू बघवेना. “हे मी पीयूसीच्या, अकरावी-बारावीच्या पोरांना फळ्यावर आकृती काढून शिकवतो हो!”

त्यानं गिटार पिशवीत घातली. ईश्वरी जिन्यापर्यंत मागे धावली. “जयतीर्थ, थांब ना...”

“परवागिल्ला, ईश्वरी. तुझी काय चूक?” तिच्याकडे न बघताच तो म्हणाला. “तुला टेलफर ऐकायचा होता. मी इतके दिवस तुला भलतंच ऐकवलं.”

त्यानंतर फोनला उत्तर नाही. मेसेज केला की एकच शब्द यायचा, परवागिल्ला. काही हरकत नाही. अरे, पण हरकत आहे ना! ईश्वरीला जेवण जाईना. आपणच हौसेनं त्याला दहा माणसांत नेऊन बसवलं आणि तोंडघशी पाडलं, हे तिला आतून खात होतं. रविवारी ती एकटीच तलावावर गेली. ओल्या बाकावर तशीच बसली, आणि तिथे तिला लख्ख कळलं की आपल्याला या माणसावाचून करमत नाही. टेलफर नसला तर नसू दे. हा हवाय.

* * *

त्याच संध्याकाळी ती अग्रहारातल्या त्याच्या घरी जाऊन थडकली. दार अंबुजाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं उघडलं. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि लगेच ओळखलं.

“ईश्वरी ना तू, अल्वा? ये ग बाई, आत ये. चप्पल असू दे तिथेच. बघ तरी त्याचं काय चाललंय. रोज गिटार घेतो, दोन मिनटं टंग टंग करतो, ठेवतो. वाजवणं नव्हे ते, सुपारी कातरल्यासारखं वाटतं.”

आतल्या खोलीत जयतीर्थ जमिनीवर बसला होता. तारा वर चढवलेल्या, समोर फोनवर टेलफरचा स्टेजवरचा तुकडा. तिला बघून तो गडबडून उठला.

“नीट शिकतोय आता,” तो म्हणाला. “योग्य सुरात.”

“मग वाजव.”

त्यानं वाजवलं. सूर बरोबर, लय बरोबर. आणि ईश्वरीला काही म्हणजे काही झालं नाही.

“छान आहे,” ती म्हणाली. “पण यासाठी मी पहाटे उठून तलावावर आले नसते.”

“हे टेलफरसारखं आहे, ईश्वरी!”

“असेल. उद्या संध्याकाळी काकांच्या माडीवर ये. कुणी नसेल. फक्त येताना तारा उतरवून आण, पहिल्यासारख्या.”

“परत हसं करून घ्यायला?”

“माझ्यासाठी,” ती म्हणाली, आणि आपल्याच धिटाईनं लाल होऊन बाहेर पळाली. स्वयंपाकघराच्या दारात अंबुजाबाई कॉफीचा पेला घेऊन उभ्या होत्या. त्यांनी नुसता पेला पुढे केला.

आता तिरुमलरावांना पटवायचं होतं. त्यांच्या प्लेयरला कडेला वेग कमीजास्त करायची एक पट्टी होती, आणि ती त्यांनी जन्मात कधी सरकवली नव्हती.

“टेलफरला मंद करायचं?” ते किंचाळलेच. “अग पोरी, हे पाप आहे!”

“एकदाच, काका. पाप माझ्या नावावर घाला.”

काका बराच वेळ कुरकुरले. मग “मला हे बघायचंच नाही, त्या वेळी मी कॉफी करत बसेन,” असं म्हणून आत निघून गेले. याला परवानगी म्हणतात हे ईश्वरीला ठाऊक होतं.

* * *

जयतीर्थ आला. येईल की नाही या धास्तीनं ईश्वरीनं तासभर खिडकी सोडली नव्हती. जिन्यावर त्याची पावलं ऐकली तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

“बस. वाजव. मी रेकॉर्ड तुझ्यापाशी आणते,” ती म्हणाली.

त्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं. तिनं सुई टेकवली आणि ती पट्टी केसभर केसभर खाली सरकवत गेली. रेकॉर्ड अडखळली, घरंगळली, अर्धा सूर उतरली, आणि... भेटली. दोन्ही गिटारी एकमेकींत अशा मिसळल्या की कुठली कुणाची ते सांगता येईना. जयतीर्थच्या कपाळावरची आठी सैल झाली. आता त्याची बोटं विसावली होती, तलावावर असायची तशी.

मग ईश्वरीनं आवाजाचं बटण धरलं. हळूच, अगदी हळूच ती आवाज कमी करत गेली. टेलफर दूर गेला, आणखी दूर, आणि गप्प झाला. जयतीर्थ वाजवतच राहिला. शेवटच्या लांबलेल्या सुरावर त्याची करंगळी थरथरली आणि खोलीत शांतता झाली.

त्यानं डोळे उघडले. चकती नुसतीच फिरत होती. “रेकॉर्ड कधी बंद केलीस?”

“मघाशीच.”

“म्हणजे... शेवटचं सगळं...”

“तुझं होतं. तलावावरही तुझंच होतं.” आता मागे फिरायचं नाही, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. “टेलफर मला फार आवडतो, जयतीर्थ. पण तो ऐकून माझ्या घशात कधी दाटून आलं नाही. ते तुझ्यामुळे येतं. मशीन चुकलं असेल, तू नाही चुकलास.”

जयतीर्थचे कान लालबुंद झाले. गिटार बाजूला ठेवायचंही त्याला सुचेना. “ईश्वरी, मला पण काहीतरी सांगायचं आहे. पण मराठीत ते मला येत नाही. आमच्या घरात कुणी बोलतच नाही असलं.”

“कन्नडमध्ये सांग.”

“कन्नडमध्ये लाज वाटते.”

“मग इंग्रजीत?”

“इंग्रजीत ते खरं वाटत नाही.”

“मग काय करायचं आपण?” तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

“तूच सांग ना,” तो अगदी काकुळतीला येऊन म्हणाला. “मी हो म्हणतो.”

ईश्वरी त्याच्या समोर सतरंजीवर बसली. तारांनी वळ उठलेली त्याची बोटं तिनं आपल्या हातात घेतली. “माझं तुझ्यावर प्रेम आहे, जयतीर्थ. आणि तुझं माझ्यावर आहे.”

“हो,” तो म्हणाला. मग तिला नीट ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा एकदा, चांगल्या मोठ्यानं, “हो!”

“अहो, ऐकू आलं, खाली रस्त्यावरही ऐकू आलं!” आतून तिरुमलराव ओरडले. “आता कॉफी निवतेय, या दोघंही!”

पण दोघांपैकी कुणीच उठलं नाही.