गुरुवारी वाजलेले पस्तीस सायरन

ही घटना खरी आहे. माझ्या सख्ख्या दाजींच्या बाबतीत घडलेली. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं, माझी हरकत नाही. मीसुद्धा आधी हसलो होतो.

आणि हो, अमावस्या नव्हती. रात्रही नव्हती.

गेल्या वर्षीचा एक मे. गुरुवार. दुपारचे अडीच. चाकण एमआयडीसीतली एक छोटी कंपनी, पत्र्याची शेड आणि मागे मोकळं आवार. बाहेर एवढं ऊन, की रस्त्यावर कुत्रं दिसत नव्हतं.

आमचे दाजी, ज्योतीराम, मूळचे भूमकडचे. अकरा वर्षं त्या कंपनीत क्वालिटीला आहेत. माणूस शिस्तीचा. घरी ताईने चहात साखर कमी घातली तरी रिजेक्ट करतील, असं आम्ही चिडवायचो.

कंपनीत सायरन बनतात. हाताने हँडल फिरवून वाजवायचे, लष्करी तळांवर लागतात ते.

आता रडार नि क्षेपणास्त्रांच्या जमान्यात हाताचा सायरन कशाला, असं मलाही वाटलं होतं. दाजींनाही एकदा वाटलं होतं. त्यांनी ते धम्मरत्नला विचारलं. धम्मरत्न म्हणजे कंपनीच्या गेटवरचा सिक्युरिटी. हिंगोलीकडचा, लष्कराच्या हवाई संरक्षणातून हवालदार म्हणून रिटायर झालेला.

"साहेब, आधी रडार बघतंय," तो म्हणाला. "मग आपलं क्षेपणास्त्र वर जाऊन त्याला हवेतच गाठतंय. त्यातून निसटलं तर तोफा हायेत. तवर खाली विमानं हलवायची, दिवे मालवायचे. पण समदं करूनबी तुकडे खाली पडत्यातच. तवा माणूस खंदकात पायजे. त्याला खंदकात कोण घालतंय? सायरन. आन् लाईट गेली तर? हाताचा सायरन."

"वेळ किती मिळतो?"

"मिळाला तर मिनिट. न्हाईतर तेवढाबी न्हाई."

एवढं सगळं दाजींना माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

प्रत्येक सायरन बाहेर जाण्याआधी मागच्या आवारात पूर्ण एक मिनिट वाजवून बघायचा, असा नियम. ते काम रंगरावांचं. कंपनीतला सगळ्यात जुना माणूस. प्रत्येक नग स्वतः फिरवायचा, कान देऊन ऐकायचा आणि पास झाला की बैलाच्या पाठीवर मारतात तशी त्याच्यावर थाप मारून म्हणायचा, "जा पोरा."

मगच कागदावर चार नंबरचा शिक्का. तो शिक्का रंगरावांचा. ज्याचा शिक्का, त्याची जबाबदारी.

मार्चच्या दहा तारखेला रंगराव कंपनीतच कोसळले. अर्धांगवायू. एक ते चाळीस नंबर घातलेले चाळीस सायरन तपासायचे राहिले होते. मालक दौलतरावांनी ते काम दाजींना दिलं.

दाजी आज करू, उद्या करू म्हणत राहिले. वर्षअखेर, दुसरी कामं छाताडावर. शेवटी एकतीस मार्च उजाडला. गाडी गेटवर उभी. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देतोय.

दाजींनी पहिले चार वाजवून बघितले. चारही उत्तम.

बाकीचे छत्तीस त्यांनी वाजवलेच नाहीत.

खुर्चीत बसून चाळीस कागद भरले. आणि स्वतःचा शिक्का उचलता उचलता त्यांचा हात थांबला. उद्या काही निघालं तर?

त्यांनी रंगरावांचा ड्रॉवर उघडला. चार नंबरचा शिक्का काढला. तारीख टाकली आठ मार्च. रंगराव कामावर होते तेव्हाची.

चाळीस शिक्के. गाडी गेली.

चार एप्रिलला रंगराव वारले. दाजींनी खांदा दिला.

शिक्का मात्र त्यांनी स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवला. कुलूप लावून.

तर तो गुरुवार. आपल्याकडे गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यात महाराष्ट्र दिन. शुक्रवारी ऑडिट होतं, म्हणून दाजी फायली लावायला मोशीहून गाडी काढून निघाले. ताई म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी कंपनीत काय पुरून ठेवलंय का तुम्ही?"

दाजींनी गाडी सुरू केली.

गेटवर धम्मरत्न एकटा. शेडमध्ये वीज नाही, मशीन बंद. वर पत्र्याखाली कबुतरं तेवढी घुमत होती.

दाजी खिडकीपाशी फायली घेऊन बसले.

थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आलं... कबुतरं गप्प झालीत.

एकदम. सगळी.

आणि मागच्या आवारातून आवाज आला...

करर्र... करर्र...

हँडलचा. मग सायरन चढू लागला. खालून वर, वर, वर. पूर्ण सुरात. दाजींनी नकळत घड्याळाकडे बघितलं. बरोबर एक मिनिट.

मग उतरत गेला. आणि शेवटी...

थाप.

दाजींना वाटलं, धम्मरत्न मजा करतोय. ते उठले, मागचं दार उघडलं.

आवारात कुणी नव्हतं. ऊन होतं फक्त. टेस्टिंगचं टेबल रिकामं. कंपनीत त्या दिवशी एकही सायरन शिल्लक नव्हता. सगळे महिन्यापूर्वीच गेले होते.

ते परत येऊन बसले. बसतात तोच...

करर्र... करर्र...

दुसरा वाजला. एक मिनिट. थाप.

तिसरा. थाप.

चौथा. थाप.

दाजींना पळायचं होतं, पण ते बसूनच राहिले. क्वालिटीचा माणूस, हातात पेन होतं. समोरच्या कागदावर त्यांचा हात आपोआप टिक करायला लागला. पाच. सहा. सात.

आठवा.

करर्र... करर्र... करर्र...

हँडल फिरत होतं. पण सायरन नाही.

काहीच नाही. नुसतं हँडल. पूर्ण एक मिनिट कुणीतरी ते फिरवत होतं, जीव खाऊन, वेगात... आणि आवाजच नाही.

मग ते थांबलं.

थाप पडली नाही.

दाजी सांगताना म्हणाले, "त्या चाळीसांत मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या न आलेल्या आवाजाची. मी तळावर हँडल फिरवत उभ्या असलेल्या जवानाचा विचार केला. पहिल्यांदाच केला."

नववा वाजला. दहावा वाजला. सतरा आणि अठरा वाजले नाहीत. सव्वीस नाही. तेहेतीस नाही. बाकी सगळे पूर्ण सुरात.

चाळीसाव्यानंतर थाप पडली. मग खूप वेळ शांतता. मग दाराच्या पलीकडे, अगदी जवळ, कुणीतरी दमल्यासारखा श्वास सोडला...

कबुतरं पुन्हा घुमायला लागली.

दाजींनी किल्ली काढून आपला ड्रॉवर उघडला. कुलूप जसंच्या तसं होतं.

आत चार नंबरचा शिक्का नव्हता.

तो आजतागायत सापडलेला नाही.

धडपडत ते गेटवर आले. "धम्मरत्न, सायरन ऐकलास?"

धम्मरत्न त्यांच्याकडे बघत राहिला. "साहेब, एक सायरन वाजला तरी मेदनकरवाडीपर्यंत ऐकू जातोय. इथं पान हललं न्हाई. ऊन लागलंय तुमाला, पाणी प्या."

दाजींच्या खिशात तो कागद होता. न वाजलेल्या पाचांचे नंबर. आठ, सतरा, अठरा, सव्वीस, तेहेतीस.

आता तुम्ही म्हणाल, मग लगेच सांगितलं असेल. मीही तेच म्हणालो.

नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ऑडिट झालं. कागद पास झाले. दाजी रोज ठरवायचे, आज दौलतरावांना सांगतो. आणि रोज डबा खाऊन घरी यायचे. सांगायचं म्हणजे शिक्क्याचंही सांगावं लागणार. अकरा वर्षांचं नाव एका दिवसात मातीत.

सहा दिवस गेले असे. सातव्या दिवशी सकाळी टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या. सीमेवर काय काय झालं, ते तुम्हालाही आठवत असेल.

धम्मरत्न गेटवर मोबाईल घेऊन उभा होता. दाजी गाडी लावून थेट त्याच्याकडे गेले.

"मार्चअखेर गेलेल्या त्या चाळीसांतले पाच सायरन बंद असतील," ते म्हणाले आणि नंबर सांगितले. "आजच्या आज तळावर कळव."

"तुमाला कसं कळलं?"

इथे दाजी थांबले. मला सांगतानाही थांबले. मान खाली घातली.

"मी म्हणालो, रंगरावांचे जुने कागद बघत होतो. शेवटी शेवटी आजारी होते, लक्ष नव्हतं त्यांचं. त्यांच्याकडून राहिलं असेल."

एवढं सहज बोलून गेले. पाणी प्यावं तसं.

धम्मरत्नने दौलतरावांना उठवलं, दौलतरावांनी फोन लावले. दुपारी तळावरून निरोप आला. चाळीस तपासले. पाच बंद. आतल्या पंख्याचा स्क्रू सैल, हँडल फिरतं पण पंखा फिरत नाही. पान्याने आवळले, पाचही वाजायला लागले. एकेकाला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

पाचच. तेच पाच.

तीन दिवसांनी धम्मरत्नच्या जुन्या दोस्ताचा फोन आला. तळाचं नाव मी लिहीत नाही. तिथे रात्री वीज गेली होती. एका टोकाच्या बराकीजवळ हाताचा सायरन वाजला. तीस जण खंदकात गेले. वरच्या वर अडवलेल्या कशाचातरी तुकडा बराकीवर पडला. छत गेलं.

माणूस एकही गेला नाही.

"कुठल्या नंबरचा सायरन होता?" दाजींनी विचारलं.

"सव्वीस," धम्मरत्न म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने दाजींना मिठी मारली.

दौलतरावांनी सगळ्या कामगारांना शेडमध्ये गोळा केलं. दाजींना शाल-श्रीफळ दिलं. टाळ्या झाल्या. "डोळ्यांत तेल घालून काम करणारा माणूस," असं ते बोलले. आणि पुढे म्हणाले, "गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण रंगरावांनी या वयात घरी बसायला हवं होतं."

दाजी शाल पांघरून उभे होते. मे महिन्यात. अंगातून घामाच्या धारा.

तोंड उघडायचं होतं. तिथेच, त्या क्षणी. नाही उघडलं.

संध्याकाळी टेस्टिंगच्या भिंतीवरचा रंगरावांचा हार घातलेला फोटो काढला गेला.

आठवड्याने रंगरावांच्या पत्नी, इंदुताई, तो फोटो न्यायला आल्या. कुणी नजर देईना, म्हणून दाजीच तो वर्तमानपत्रात गुंडाळून गेटवर घेऊन गेले.

इंदुताईंनी फोटो घेतला. कागद थोडा बाजूला करून बघितला, पदराने काच पुसली.

"ह्यांच्या हातून चूक झाली म्हनत्यात," त्या म्हणाल्या. "खरं का, ज्योतीराम?"

दाजींनी सुटलेला वर्तमानपत्राचा कागद सावरला.

"फेब्रुवारीपासनं उजवा हात चालत न्हवता त्यांचा. भाकरी मी मोडून द्यायची. कामावर कुनाला सांगितलं न्हाई, लाज वाटायची." त्या फोटोकडेच बघत होत्या. "मी म्हनायची, मग हँडल कसं फिरवताय? तर म्हनले, ज्योतीराम फिरवतो. मी नुसता कान देतो. कुनापाशी बोलला न्हाई बघ तो. लई गुनाचं पोरगं हाय."

खरं होतं. महिनाभर दाजींनीच हँडल फिरवलं होतं. दहा तारखेनंतर नाही.

"कागदावर आठ तारीख हाय म्हनत्यात. मग त्या दिवशी चाळीस नग त्यांनी कसं फिरवलं असतील?"

दाजींना वाटलं, आता ह्या थोबाडात मारतील. मारावी, असंच त्यांना वाटत होतं.

इंदुताईंनी फोटो पुन्हा गुंडाळला. "तुला लेकरं हायेत," एवढंच म्हणाल्या. आणि रिक्षात बसून निघून गेल्या. राग नव्हता त्यांच्या आवाजात. तेच दाजींना सहन होत नाही.

त्यानंतर दाजी दर गुरुवारी कंपनीत जातात. बंद शेडमध्ये खिडकीपाशी बसतात. दुपारभर वाट बघतात.

काही वाजत नाही. कबुतरं घुमतात. संध्याकाळ होते, ते घरी येतात.

"एकदा येऊन शिव्या तरी घालायच्या होत्या रंगरावांनी," परवा ते मला म्हणाले. "त्यांना जेवढं काम करायचं होतं तेवढं करून गेले. माझ्याकडे ढुंकूनसुद्धा बघितलं नाही."

त्या दुपारी आवारात कोण होतं, मला माहीत नाही. इथे चाकणमध्ये बसून हजार किलोमीटरवरच्या पाच सायरनांचे नंबर कसे कळले, तेही नाही. मी खूप विचार केला. हल्ली दुपारी सगळं शांत झालं, की मला घरात बसवत नाही.

अशा गोष्टी लिहिताना नावं बदलतात. मीही बदलली होती. लिहून दाजींना वाचायला दिलं. त्यांनी पेन घेतलं आणि प्रत्येक ठिकाणी खोटं नाव खोडून खरं लिहिलं. रंगरावांचं. इंदुताईंचं. स्वतःचं.

"दाजी, ही गोष्ट ज्या पेजवर टाकणार आहे, ते दौलतराव वाचतात. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून पण दाखवतात."

"माहितीये."

"मग गुरुवारी टाकतो. वार पण तोच आहे."

"गुरुवारी नको," दाजी म्हणाले. "गुरुवारी कंपनी बंद असते."