पाठीची परतफेड

आईला गरम पाण्याच्या झऱ्यावर न्यायची कल्पना माझ्या भावाची. निझार परदेशात, ल्योंला राहतो आणि तिथून फोनवर सल्ले देतो; ते अमलात आणायला मी आहेच. पण या वेळी मी कुरकुर केली नाही. वसंतात आईला अर्धांगाचा झटका आला आणि तिचा उजवा हात गेला. गेला म्हणजे खांद्याला होता, पण दुसऱ्या कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा मांडीवर पडून असायचा. आमच्या गाबेसमध्ये लग्न कुणाच्याही घरी असो, हाताने रव्याची कुसकुस वळायला आईलाच बोलावणं यायचं. तीच आई आता डाव्या हातात चमचा धरून सांडत होती, आणि सांडलं की माझ्याकडे बघायचं टाळत होती. तिचा हात परत येऊ दे, एवढंच मी देवाकडे मागत होते.

केबिली गावाच्या पुढे खजुराच्या बागा संपून वाळू सुरू होते, तिथे ते ठिकाण आहे. पुढच्या बाजूला काचेच्या दारांचं नवं हॉटेल, परदेशी पाहुण्यांसाठी निळाशार तलाव. मागे जुनं सार्वजनिक न्हाणीघर, आमच्यासारख्या बायांसाठी. पाणी दोन्हीकडे एकच, जमिनीतून वाफाळत वर येणारं, सडक्या अंड्यांच्या वासाचं. त्या वासाची सवय होते म्हणतात. मला झाली नाही. पावाला तो वास, उशीला तो वास, आईच्या केसांनाही तोच. दिवसभर वारा दारावर वाळू घासत राहायचा आणि कुणी आलं की काय म्हणून मी सारखी उठून बघायची.

न्हाऊ घालणारी सालहा मोठी तोंडाळ बाई. आईला पाहताच थोरल्या बाईला मारतात तशी हाक मारत म्हणाली, "या हाज्जा, या. ही लेक होय तुमची? तोंड तर सासूसारखं करून बसलीय!"

"तोंड माझं आहे," मी म्हटलं. "तू पाणी बघ."

त्या दुपारी वारा फारच सुटला होता. बाकीच्या बाया आल्याच नाहीत. सालहा नमाजाला गेली होती. आतल्या खोलीत मी आणि आई दोघीच. दगडी हौद, वाफ, आणि छताच्या भोकातून पडणारा हाताएवढा उजेड. आईला पाणी घातलं आणि लक्षात आलं की कोरडा पंचा बाहेरच राहिला. दार तर एकच. मी बाहेर गेले, खुंटीवरचा पंचा घेतला आणि आत आले.

आई मान खाली घालून बसली होती. तिची पाठ लालबुंद, चकचकीत झाली होती. दगडावर मळाच्या करड्या वळ्या पडल्या होत्या, बोटभर लांब.

"आई, पाठ कुणी चोळली?"

"ती बाई होती ना, कोपऱ्यात."

कोपऱ्यात वाफ होती. मी हात घालून पाहिलं. ओली भिंत लागली.

"इथे कुणी नाही आई."

"गेली असेल. काय हात होता गं तिचा... मी म्हटलं, बाई, तुझी पाठ आता मी कशी चोळू, माझा हात हा असा. तर म्हणाली, राहू दे. हात बरा झाला की कर."

"आणि तू काय म्हणालीस?"

"करते म्हटलं. दुसरं काय म्हणणार? पाठ चोळून घेतली आणि उठून चालती झाली, असं आपल्यात कुणी करतं का?"

खरंच करत नाही. न्हाणीघरात शेजारी बसलेली बाई अनोळखी असली तरी तुमची पाठ चोळते आणि मग तुम्ही तिची. आभार कुणी मानत नाही, पण परतफेड कुणी चुकवतही नाही.

त्या संध्याकाळी जेवताना आईची करंगळी हलली. मी तिथेच रडले. निझारला फोन केला, तोही रडला आणि सगळं श्रेय घेऊन मोकळा झाला. सकाळी अंगठा हलला. मी बदामाची मिठाई घेऊन धावत सालहाकडे गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तिने डबा उघडलाच नाही.

"कोपऱ्यातल्या बाईने चोळली म्हणाली?" ती कुजबुजली. "आजच घरी जा पोरी."

"अगं, पण हात सुधारतोय!"

"दूझ गावची एक बाई होती. गुडघे धरलेले. तिलाही ही अशीच भेटली. गुडघे सुटले, घरी जाऊन भाच्याच्या लग्नात नाचली. मग एका दुपारी गादीवर मेलेली सापडली. केस ओले, अंग गरम... आणि त्या घरात तेव्हा नळाला थेंबभर पाणी नव्हतं."

"परतफेड केली नाही म्हणून?"

"केली म्हणून," सालहा म्हणाली. "त्या बाईची पाठ अर्धवट आहे तोवर माणूस आपलं. पुरी झाली की ती सोबत घेऊन जाते."

मी हसले, पण ते हसणं माझं मलाच खोटं वाटलं. आईला काही न सांगता सामान बांधलं. निघण्याआधी मात्र एकटीच आत गेले. हातात अंग चोळायचा खरखरीत हातमोजा चढवला आणि कोपऱ्याकडे बघून म्हटलं, "आईच्या ऐवजी मी करते. बस."

वाफ हलली. माझ्यासमोरचं दगडावरचं पाणी बाजूला सरलं, कुणी बसल्यावर सरतं तसं. मी हात पुढे केला. मोज्याला पाठ लागली. ऊबदार, जिवंत माणसाची असते तशी पाठ...

"हा नको," माझ्या कानापाशी कुणीतरी अगदी अदबीने म्हणालं. "तिचा."

मी अनवाणीच पळत सुटले.

घरी आल्यावर हात झपाट्याने सुधारला. शेजारणी जमल्या. आईने उजव्या हाताने किटली उंच धरून सगळ्यांना चहा ओतला, एक थेंब सांडला नाही. बायांनी आनंदाचा गजर केला. मीही केला, पण डोळे तिच्या त्या हातावरच होते.

मग तिच्या दुपारच्या झोपेत तो हात हलायला लागला. पहिल्यांदा वाटलं, कुसकुस वळतेय बिचारी, स्वप्नात. मग बारकाईने पाहिलं. कुसकुस वळताना हात गोल फिरतो. हा हात सरळ चालला होता, वरून खाली, दाबून. मग उचलून पुन्हा वर.

मी धरून पाहिला. म्हातारीचा हात, पण मला आवरेना. तेव्हापासून रोज दुपारी मी तिचं मनगट माझ्या मनगटाला ओढणीने बांधून शेजारी झोपते. झोपेत पडशील, असं तिला सांगितलंय.

"लहानपणी मी तुला बांधायचे," ती हसते. "पळून जायचीस उन्हात."

ज्या देवाकडे तो हात मागितला, त्यालाच आता म्हणते, परत घे. लुळा कर, चमचा सांडू दे, मी जन्मभर भरवीन. कुठल्या तोंडाने म्हणते, ते मलाच ठाऊक.

काल दुपारी मलाही गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा गाठ तशीच होती, मी मारलेली. आई जागी होती, छताकडे बघत, शांत. तिचा तळवा फार वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतला होता. नखांत करडा मळ होता, ओला. मी घाबरत घाबरत माझा तळवा पाहिला. तोही तसाच होता.

"आई..." मी विचारलं. "किती... किती राहिलीय?"

लग्नाच्या स्वयंपाकाचा अंदाज घेताना ती करायची तसे तिने डोळे बारीक केले.

"कमरेपर्यंत आलीय," ती म्हणाली. "आता लवकर उरकेल बघ. तूही हात लावतेस ना."